दाढेनं ऐकणारे काका

काका कानांनी ऐकत नव्हते. कानांनी ऐकायचं त्यांनी मी लग्न होऊन भिवंडीत यायच्या आधीच सोडलं होतं. ते दाढेनं ऐकायचे.

हातभर लांबीची एक लोखंडी सळई त्यांच्याकडे होती. तिचं एक टोक कापड विणायच्या लूमच्या अंगाला लावायचं, दुसरं उजव्या दाढेखाली धरायचं आणि डोळे मिटायचे. मग लूम त्यांच्याशी बोलायचा म्हणे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस लोखंड खातोय. मी घरात पळाले आणि आमच्या ह्यांना म्हटलं, "तुमचे मालक बरे आहेत ना?" हे म्हणाले, "बरे नाहीत. पण लूम बरे ठेवतात."

काका आमचे घरमालक आणि कारखान्याचेही मालक. इथलेच शेतीवाले. घरच्या जमिनीच्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याची शेड घातली होती आणि मुंबईच्या कुठल्याशा गिरणीनं मोडीत काढलेले आठ लूम आणून त्यात उभे केले होते. शेडच्या मागे खोल्या होत्या. एका खोलीत आम्ही राहायचो. हे चार नंबरचा लूम चालवायचे आणि मी शेडच्या पडवीत चरख्यावर कांड्या भरायची. कांडी म्हणजे लूमवर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवतात ती सुताची लाकडी नळी. एका अंगाला भिंत, समोर चरखा, पदर डोक्यावर. कोणाशी बोलायला लागत नाही, कोणी बघत नाही. मला ते काम फार आवडायचं. काकांचं सगळं सहन झालं असतं, पण त्यांनी मला त्या भिंतीपाशी कधी धड बसू दिलं नाही, हे मला आजही पटत नाही.

बाकीचे मालक सफेद कपडे घालून गादीवर बसायचे. काकांना कोणी 'शेठ' म्हटलं तर ते भडकायचे. "शेठ कोनाला बोलतंस? शेठच्या नखात तेल असतं का?" असं म्हणून दहाही बोटं समोरच्याच्या नाकापुढे धरायचे. ती नखं काळी ती काळीच. जेवतानासुद्धा. बायको वारलेली, त्यामुळे कधी कधी त्यांचं ताट आमच्याकडे असायचं, आणि भाताच्या कडेला तेलाची बोटं उमटलेली मी दर वेळी बघायची.

त्यांचा नियम असा होता, की आपल्या आवारातली मोडकी वस्तू दुकानात न्यायची नाही, टाकायची नाही आणि नवीन तर आणायचीच नाही. आधी त्यांना सांगायचं. पण सांगायचं म्हणजे काय? "काका, स्टोव्ह बिघडला," एवढं चालायचं नाही. स्टोव्ह कसा आवाज करतो ते तोंडानं काढून दाखवायचं. ते तुमच्या ओठांकडे टक लावून बघत बसणार.

माझं लग्न नवीन होतं. स्टोव्ह धड पेटेना, भडका होऊन विझायचा. हे ड्युटीवर. काका दारात येऊन उभे.

"काय बोलतं?"

मला वाटलं, ह्यांच्याबद्दल विचारतायत. मी मान खाली घालून म्हटलं, "काही नाही बोलले."

"अगं तो न्हाय. स्टो काय बोलतं? आवाज काढ."

मी पदर तोंडावर घेतला. तोवर शेजारच्या बायका जमल्या. कारखान्यातले एक विणकर होते अलाहाबादकडचे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, तेही विडी ओढत आले. काका मात्र हलेनात. शेवटी ह्यांना बोलावून आणलं. ह्यांनी "भर्र भर्र" असं काहीतरी केलं. काका म्हणाले, "हा त्याचा आवाज न्हाय, हा तुझा आवाज हाय. तिला काढू दे. रोज ती पेटवतं." आणि मी, जिचा आवाज सासूनंसुद्धा नीट ऐकला नव्हता, त्या सगळ्या माणसांसमोर "फस्… फस् फस्… फुस्" असा आवाज काढला. दोनदा, कारण पहिल्यांदा त्यांना दिसला नाही.

"घान अडकली," म्हणाले आणि खिशातून पिन काढून माझ्या हातात दिली. स्वतः हात लावला नाही. "ज्याची वस्तू, त्याचे हात." मी पिन मारली. स्टोव्ह पेटला. पण भात त्या दिवशी कच्चाच राहिला, कारण दारातली गर्दी जावी म्हणून मी तो घाईनं उतरवला.

अशी शिस्त असती आणि सगळं दुरुस्त झालं असतं तर मी काही म्हटलं नसतं. पण त्यांना न बिघडलेलंही बघवायचं नाही. ह्यांचं गजराचं घड्याळ चांगलं चालत होतं. ते काकांनी 'आतून कसं हाय' बघायला उघडलं आणि परत लावल्यावर एक बारीक चक्र उरलं. "हा जास्तीचाच व्हता," म्हणून ते डब्यात टाकलं. त्यानंतर ते घड्याळ त्याला वाटेल तेव्हा वाजायचं. आमच्या दाराची बाहेरची कडी आपोआप पडायची आणि उचलून, डावीकडे ढकलून, मग खाली दाबली तरच उघडायची. माझा भाऊ माहेरून आला, तेव्हा तो बाहेर आणि मी आत, अशी आमची भेट झाली. मी आतून त्याला कडीची रीत सांगतेय आणि तो म्हणतोय, "ताई, मी परत जाऊ का?" नवीन कडी आणायची म्हटली की काका म्हणायचे, "हिला काय झालाय? रीत हाय तिची."

एकदा ते माझ्याबरोबर एसटीनं आले होते. माझं माहेर वज्रेश्वरीच्या बाजूला, आणि काकांना गुडघ्यांसाठी अकलोलीच्या गरम पाण्यात बसायचं होतं. ह्यांनी मला त्यांच्या सोबतीनं पाठवलं. मला विचारलं असतं तर मी चालत गेले असते. गाडी भिवंडीच्या बाहेर पडली नाही तोच काकांनी पिशवीतून सळई काढली, पुढच्या बाकाच्या दांडीला लावली आणि दाढेखाली धरली. सगळी गाडी वळून बघायला लागली. पुढच्या बाकावरचं मूल रडायला लागलं. मी हळूच सरकून बाकाच्या टोकाला गेले, पण आम्ही बरोबर आलोय हे सगळ्यांना कळलंच होतं.

काका उठून ड्रायव्हरकडे गेले. "गाडी थांबव. मागच्या चाकात कायतरी ढिला झालाय. टणटण बोलतं."

"बाबा, तुमचे दात ढिले झाले असतील. बसा खाली."

काका बसणारे नव्हते. इंजिनाला पाठ लावून उभेच राहिले. शेवटी कंटाळून कंडक्टरनं घंटी मारली. गाडी थांबली. काका धोतर खोचून खाली शिरले, ही चाकं, ती चाकं बघितली. एवढ्यात मागच्या बाकावरची बाई ओरडली, "अवं, माझं हंडं हाईत ते! लेकीच्या रुखवताचं! एकमेकावर आपटत्यात!" लोक हसून हसून पडले. काका कपाळाला ऑइल लावून वर आले, हंडे बघितले आणि शांतपणे म्हणाले, "आवाज व्हता का न्हाय? मंग?" मी माझ्या फाट्याच्या आधीच्या फाट्यावर उतरले आणि उन्हातून चालत घरी गेले.

तर अशा माणसाच्या दाढेवर आमचा कारखाना चालत होता. आणि ती दाढ दुखायला लागली.

त्या सुमाराला भिवंडीतली तऱ्हा बदलत चालली होती. पूर्वी जॉबर म्हणजे लूम दुरुस्त करणारा माणूस. तो लूमखाली झोपायचा, कानस घेऊन घासायचा, लूमच्या पट्ट्यांचं चामडं तेलात भिजत ठेवायचा. आता बाजारात सगळे भाग तयार मिळायला लागले होते. काकांच्या मुलानं मानकोलीच्या रस्त्यावर ट्रकचा धंदा काढला होता आणि त्याच्या ओळखीचा एक नवा जॉबर सायकलवरून यायचा. खांद्याला पिशवी, पिशवीत नवे भाग. लूम बंद पडला की जुनं काढ, नवं घाल, चल पुढच्या कारखान्याला. मला तर तो बरा वाटायचा. हसायचा, कोणाला आवाज काढायला सांगायचा नाही आणि त्यानं हात लावलेला लूम त्याच शिफ्टला चालू व्हायचा.

काकांनी एकदा त्याची पिशवी जमिनीवर उपडी केली. "कानस कुठं हाय?"

"काका, कानस कशाला? तुम्ही एक खिट्टी घासून बसवता तेवढ्यात मी चार कारखाने फिरतो."

"आन् ती खिट्टी का झिजली, ते?"

"झिजली तर झिजली. नवी आहे ना."

काका त्याच्या ओठांकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "बघितलंस? हा डाक्टर रोग बघत न्हाय, मुडदा बदलून देतं." मी कांड्या मोजायला लागले.

दाढ दुखायला लागली तशी त्यांना सळई चावता येईना. त्याच दिवसांत ह्यांचा चार नंबर खडखडायला लागला. धोटा मध्येच अडायचा, सूत तुटायचं आणि कापडात भोकं पडायची. काकांनी लूम बंद करायला लावला. वरचा मोठा दांडा, ज्याला मोटरीचा पट्टा असतो, त्यात दोष आहे असं त्यांनी ठरवलं. उघडला, साफ केला, बसवला. आवाज तसाच. परत उघडला. सळई दाढेला लावायला जायचे आणि "आई गं" करून खाली बसायचे. गाल असा सुजला की एक डोळा दिसेना. मी मऊ भात करून द्यायची, लवंग द्यायची, मिठाचं गरम पाणी द्यायची.

"काका, दाढ काढून या ना. बाजारात डॉक्टर आहे. आमच्या शेजारणीची काढली, तिला कळलंसुद्धा नाही."

"दुखतं म्हंजे जित्ती हाय."

"पण ऐकू तर येत नाही तुम्हांला तिनं."

"आज न्हाय येत. उद्या येल."

चाचांनी सळई कपाळाला लावायचं सुचवलं. काकांनी लावून बघितली. मान हलवली. "कपालाला नुसती थरथर लागतं. दाढेला अक्षर लागतं."

मुलगा ट्रक घेऊन त्यांना डॉक्टरकडे न्यायला आला. काका लूमच्या पायाला मिठी मारून बसले. एवढा साठीचा माणूस! मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, तुम्ही तरी सांगा." मी काय सांगणार? ह्यांचा लूम बंद, हे दिवसभर घरात बसून माझ्या भाजीत मीठ कमी की जास्त ते सांगतायत, आणि सगळं अडलंय कुठं, तर एका म्हाताऱ्याच्या सडक्या दाढेपाशी. मला वाटत होतं, की आपणच चिमटा घेऊन ती उपटावी.

नव्या जॉबरला बोलावलं. त्यानं तीन-चार भाग बदलले. खडखड तशीच. तो म्हणाला, "आता याचं काही बदलायचं राहिलं नाही. लूमच बदला." मुलालाही तेच हवं होतं. तो गुरुवारी संध्याकाळी आला, काकांच्या समोर उभा राहिला आणि त्यांना दिसेल असं एकेक शब्द तोडून म्हणाला, "बाबा. उद्या शुक्रवार, लाईट नाही, कारखाने बंद. शनिवारी सकाळी भंगारवाला येईल. चार नंबर चालू असेल तर राहील. नसेल तर जाईल. आणि त्याच्या मागनं बाकीचे जातील. मी नवे घालीन, आणि नव्या लूमला तुम्ही हात लावायचा नाही."

काकांची मान हलली, ती हो म्हणून की दुखतंय म्हणून, कळलं नाही. पण त्या रात्री ताटातला भात तसाच परत आला आणि त्यावर बोटं उमटलेली नव्हती.

शुक्रवारी सकाळी त्यांनी सगळ्या माणसांना शेडच्या दारात उभं केलं. "तोंडं उघडा." सगळे विणकर ओळीनं तोंड उघडून उभे! काका एकेकाच्या तोंडात बोट घालून दात हलवून बघतायत. बाजारात बैल घेताना बघतात तसं. एकाच्या दाढा तंबाखूनं गेलेल्या, दुसऱ्याच्या हललेल्या. चाचांच्या तोंडात तर पुढचे दोनच. चाचा म्हणाले, "मालिक, मेरे मुँह में तो अब खाली मकान है, किरायेदार सब चले गए." आमच्या ह्यांनाही नापास केलं. मला हसू येत होतं. मी पडवीत भिंतीला टेकून बघत होते, आणि हसताना माझे दात दिसले.

"हिला बोलव," काका म्हणाले.

लहानपणी आईची मिश्री लावली की मला चक्कर यायची, म्हणून मी दातांना कधी काही लावलं नव्हतं. एवढीच माझी लायकी. मी ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, हे नाही म्हणतील. हे म्हणाले, "बघ जरा. लूम जाईल नाहीतर." मला एवढा राग आला. पण लूम जाईल हे खरं होतं. लूम गेला तर हे दुसरीकडे काम बघणार, आणि काकांची ही खोली, माझी पडवीतली भिंत, सगळंच सुटणार.

काकांनी सळई धोतराला पुसून माझ्यापुढे धरली. मी ती घेतली, नळावर नेली आणि राखेनं चकचकीत घासून आणली. तेवढं तरी माझ्या मनासारखं.

कारखाना बंद असताना मी शेडच्या आत कधी गेले नव्हते. इतकं शांत, की पत्र्यावरच्या चिमण्यांच्या नखांचा आवाज येत होता. ह्यांनी मोटरीचा पट्टा काढला आणि चार नंबरचं चाक हातानं हळूहळू फिरवायला लागले. काकांनी चाकावर खडूची एक रेघ मारली. मग एक फळी आडवी ठेवली, तिच्यावर आपला पंजा पसरून ठेवला आणि माझ्या हातात एक रिकामी कांडी दिली. मी दाढेत सळई धरायची, जो आवाज येईल तो कांडीनं फळीवर वाजवायचा, आणि त्यांच्या पंज्याला तो कळणार.

पहिल्यांदा काही कळलंच नाही. तोंडात लोखंडाची आंबट चव आणि डोक्यात नुसती घरघर. काकांनी माझा हात न धरता, बोटानं दाखवत सळईची जागा बदलायला लावली. इथं, तिथं, खाली, अजून खाली. आणि मग एका जागी मला तो ऐकू आला. कानाला नव्हे. डोक्याच्या आत, अगदी जवळ, कोणी बारीक खडा टाकावा तसा. टक्.

मी कांडीनं वाजवला. चाक फिरलं. खडूची रेघ वर आली. काही नाही. परत फिरलं, परत रेघ वर आली. टक्. मी वाजवला.

काका म्हणाले, "चुकलीस. दर फेऱ्याला वाजव."

मी परत ऐकलं. एक फेरा रिकामा, एक फेरा टक्. तसाच वाजवला.

"मधला टाकलास. ऐक नीट. दर फेऱ्याला येतो."

"नाही येत," मी म्हटलं. त्यांना दिसलं नसावं, कारण सळई माझ्या तोंडात होती.

"परत."

असं किती वेळ चाललं काय सांगू. जबडा दुखायला लागला, लाळ हनुवटीवर आली, आणि ती सगळ्या पुरुषांसमोर पदरानं पुसायची. ह्यांचे हात चाक फिरवून भरून आले. चाचांनी थोडं फिरवलं. चूल अजून पेटलेली नव्हती. आणि काकांचं एकच, "परत. दर फेऱ्याला." त्यांनी त्या वरच्या दांड्याचा दोष मनात पक्का केला होता. तो दांडा दर फेऱ्याला फिरतो, म्हणून आवाज दर फेऱ्याला यायलाच हवा. लूमनं काय म्हणावं हे त्यांनी आधीच ठरवलं होतं आणि माझ्याकडून फक्त होकार पाहिजे होता.

शेवटी त्यांनी माझ्या हातातली कांडी घेतली आणि स्वतःच फळीवर वाजवून दाखवली, "असा. असा. असा."

मी सळई तोंडातून काढली.

"मग तुम्हीच ऐका ना!" मी म्हटलं. म्हटलं कसलं, ओरडले. "मला जे येतंय तेच मी वाजवतेय! तुमच्या मनातला आवाज मी कुठून आणू? एक सोडून एक येतो! एक सोडून एक! तुम्ही आमच्याकडून लहान पोरांसारखे आवाज काढून घेता, आणि काढला की म्हणता चुकला!"

शेडभर ते घुमलं. चिमण्या उडाल्या. ह्यांचा हात चाकावर तसाच राहिला. चाचा हळूच म्हणाले, "अरे बाप रे. बहू तो आठों लूम से ऊँचा बोली."

मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. रागावलेले दिसत नव्हते. ते वाचत होते. त्यांचे ओठ माझ्या शब्दांच्या मागून हलत होते, "एक… सोडून… एक."

मग त्यांनी फळीवरचा हात उचलला, गुडघा धरून खाली बसले आणि लूमच्या पोटाखाली शिरले. वरचा दांडा दोनदा फिरतो तेव्हा खालचा एकदा फिरतो, हे मला कुठलं माहीत असणार? त्यांना माहीत होतं. जन्मभर माहीत होतं. खालच्या दांड्यावरचं चाक घट्ट राहावं म्हणून त्यात एक लहानशी लोखंडी पाचर ठोकलेली असते. ती झिजून ढिली झाली होती. नव्या जॉबरच्या पिशवीत ती नव्हती, कारण ती तयार मिळत नाही. ज्या त्या लूमच्या मापानं घासून बसवावी लागते.

काकांनी ह्यांच्या हातात कानस दिली. "ज्याचा लूम, त्याचे हात." हे उन्हं उतरेपर्यंत घासत बसले. घासायचे, काकांना दाखवायचे, काका नखानं चाचपून परत द्यायचे. मी घरी जाऊन चूल पेटवली. माझा जबडा मिटत नव्हता.

शनिवारी सकाळी लाईट आली, तेव्हा मुलगा दारात होता आणि त्याच्या मागे भंगारवाला हातगाडी घेऊन. चार नंबर चालला. एक सूत तुटलं नाही. मुलानं बराच वेळ लूमवर हात ठेवून बघितलं. मग माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाला, "आज चालला. उद्या दुसरा बिघडेल. दुसऱ्याच्या बायकोच्या दातांवर किती दिवस कारखाना चालणार?" खरं तर तो माझ्याच मनातलं बोलला. भंगारवाला गाडी रिकामी नेईना, म्हणून त्यानं कोपऱ्यातल्या गंजक्या खिळ्यांच्या डब्याला हात घातला, तर काका त्याच्या अंगावर धावून गेले.

मी वाट बघत होते. दुसरं काही नको, एखादा शब्द. काका माझ्यापाशी आले. "आवाज बरोबर व्हता," म्हणाले. "पन वाजवलास रडत रडत. हात सैल ठेवायचा."

मी चरख्याकडे तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं काका घरातून बाहेर आले ते धुतलेला सदरा आणि टोपी घालून. सगळे बघायला लागले, कारण लग्नकार्याशिवाय तो सदरा बाहेर निघत नसे. मुलाच्या ट्रकपाशी जाऊन उभे राहिले.

"चल," म्हणाले.

"कुठे?"

"कुठं म्हंजे? दाढ काढायला."

चाचांनी टाळी मारली. शेजारच्या बायका हसल्या, कोणीतरी म्हणालं, सुटला म्हातारा एकदाचा. सगळ्यांना आनंद झाला. मलाच तेवढा झाला नाही. त्यांनी ती दाढ कशासाठी धरून ठेवली होती आणि आज कोणाच्या जिवावर सोडतायत, हे मला लख्ख कळलं होतं.

ट्रकमध्ये चढता चढता ते वळले आणि सुजलेल्या गालातून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले, "सांजच्याला दोन नंबर ऐकायचा हाय. आन् ऐक गं, आजपासना सुपारी खायाची न्हाय!"

मी जन्मात सुपारी खाल्ली नव्हती. पण ट्रक निघाला तशी मी उठले, शेजारणीच्या चंचीतून एक खांड मागून घेतलं आणि सगळ्यांच्या देखत तोंडात टाकलं. ट्रक वळणाआड जाईपर्यंत कडकड चावत बसले. मग नळावर गेले, थुंकले आणि दोन वेळा चूळ भरली.